जागा शिल्लक नाही

रीनाने डब्यातल्या भाताचा पहिला घास उचलला आणि दसरू मडावीचा फोन आला.

“बाई, कळप फुटला,” तो म्हणाला. आवाज इतका दबका की रीनाने पंखा बंद केला. “मोठी मादी पिलं घेऊन तलावाकडं गेली. बाकीचे चौदा-पंधरा इकडं फिरले. हिरडीटोल्याकडं.”

“तुमच्याच गावाकडं?”

“हाव. आमच्याच. हळूहळू चरत जाऊन राहिले. पण दिवस बुडाच्या आत खळ्यावर पोचतेत. धानाचा वास लागला त्याईले.”

रीनाने घास डब्यात परत ठेवला.

देवरीत हायवेलगत दोन खोल्यांचं हे हत्ती सूचना केंद्र होतं. गडचिरोलीकडून रानहत्ती यायला लागले तेव्हा एका संस्थेने ते उघडलं. दसरूसारखी माणसं रानात कळपाच्या मागे चालायची, हत्ती कुठे आहेत ते फोनवर कळवायची. केंद्रातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर ‘हाक’ नावाचा प्रोग्राम होता. गावाच्या नावावर बोट ठेवलं की तो त्या गावातल्या प्रत्येक घराला एकाच वेळी फोन लावायचा, लागला नाही तर लागेपर्यंत पुन्हा पुन्हा लावायचा. तो सगळा पसारा सांभाळायचं काम रीनाचं. ती गोंदियाजवळच्या कुडव्याची, वय सव्वीस. देवरीत खोली करून राहायची आणि शनिवारी घरी जायची.

हिरडीटोला कालपर्यंत हाकेत नव्हता. “आमच्या गावाले कवा जोडता, बाई?” असं दसरू दर खेपेला विचारायचा, आणि आज सकाळीच रीनाने हिरडीटोल्यासकट अठरा नवी गावं यादीत घातली होती. फक्त हाक एकदा बंद करून पुन्हा सुरू करायची राहिली होती. नवी यादी तेव्हाच लागू झाली असती. जेवण झाल्यावर करू, असं तिने ठरवलं होतं.

तिने हाक बंद केली. सुरू केली.

पडद्यावर गावांची नावं भराभर उमटत गेली आणि मध्येच थांबली. खाली लाल अक्षरात इंग्रजी ओळ आली. जागा शिल्लक नाही.

“ताई, डिस्क भरली,” शेजारच्या टेबलावरून दुर्गेश म्हणाला. तो फोन सांभाळणारा ऑपरेटर, रीनाहून दोन-तीन वर्षांनी लहान. “रानातल्या कॅमेऱ्यांचे फोटो किती साचले तुम्ही पाहिले काय?”

रीनाने पुन्हा सुरू केलं. पुन्हा तीच ओळ. या वेळी आणखी लवकर आली. तिसऱ्यांदा तर जुन्या गावांची अर्धी यादीही पुरी झाली नाही. प्रत्येक वेळी अर्धवट उठलेला प्रोग्राम ती जोर लावून मारून टाकत होती आणि पुन्हा उठवत होती, आणि प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा लवकर मरत होता.

आता हिरडीटोलाच काय, एकाही गावाला फोन जात नव्हता.

आतल्या खोलीतून निर्मलाबाई बाहेर आल्या. केंद्राच्या प्रमुख त्याच. गोंदिया शहरात वाढलेल्या, बोलण्यात निम्मं हिंदी, आणि आवाज असा की रस्त्यावरच्या ट्रकलाही ऐकू जावा. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

“क्या हुआ?”

“हाक उठत नाही, मॅडम. जागा नाही म्हणते.”

“मग जागा करा ना! फोटो उडवा जुने. दुर्गेश, सुरू कर.”

“मॅडम, थांबा,” रीना म्हणाली. “तीन वर्षांचे फोटो आहेत. कोणता हत्ती कोणत्या वाटेने येतो ते सगळं त्यावरूनच कळतं.”

“माणसं वाचली तर फोटो पुन्हा काढता येतात.”

दुर्गेशची बोटं चालायला लागली होती. रीनाने घाईघाईत डिस्क किती भरली आहे ते पाहिलं. डिस्क अर्धीही भरलेली नव्हती.

“दुर्गेश, हात काढ. काढ हात!”

तो दचकून मागे सरला. बहुतेक पहिल्या वर्षाचे काही फोटो तोवर गेले होते. किती गेले ते पाहायला आता वेळ नव्हता.

“जागा भरपूर आहे, मॅडम. हे पाहा.”

“तो फिर मशीन झूठ बोल रही है?”

“नाही. आपण तिचं अर्धंच वाचून राहिलो.”

लाल ओळ सगळ्यांनी वाचली होती. तिच्यावर करड्या बारीक अक्षरात आणखी काही ओळी होत्या. घाईत कोणीच तिकडे पाहिलं नव्हतं. रीनाने त्या बोट ठेवून वाचल्या. त्यात डिस्कचं नावही नव्हतं. सेमाफोरचा नवा गट मिळाला नाही, असं लिहिलं होतं.

कॉलेजात हे ती शिकली होती आणि परीक्षेनंतर विसरली होती. एकाच वेळी अनेक कामं चालली की ती एकमेकांवर आदळू नयेत म्हणून कॉम्प्युटर टोकन वाटतो. राइस मिलच्या फाटकावर धानाच्या गाड्यांना देतात तसंच. टोकन मिळालं तर आत जायचं, बाहेर पडताना परत द्यायचं. ती टोकनं म्हणजे सेमाफोर, आणि त्यांचे गट वाटणारा म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा, कर्नेल. किती गट वाटायचे याची त्याने मर्यादा ठरवलेली असते. ती संपली की डिस्क रिकामी असली तरी तो एकच शब्द बोलतो : जागा नाही.

तिने वाटलेल्या गटांची यादी उघडली. ओळीखाली ओळ, पडदाभर. शेवटी एकूण आकडा. एकशे अठ्ठावीस. मर्यादाही तीच होती, एकशे अठ्ठावीस.

हाक प्रत्येक गावासाठी दोन गट घ्यायची, एक फोन लावण्यासाठी आणि दुसरा उत्तरं गोळा करण्यासाठी. जुनी बासष्ट गावं काठोकाठ बसत होती आणि ही गोष्ट आजपर्यंत कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. अठरा वाढली आणि काठ ओलांडला. त्यात रीनाने तीन वेळा प्रोग्राम मारून टाकला होता. मेलेल्या प्रोग्रामने काही टोकनं परत दिलीच नाहीत. गाडी मिलमध्ये बंद पडली आणि ड्रायव्हर टोकन खिशात घालून पळाला, तसं झालं होतं. म्हणूनच दर वेळी जागा आणखी कमी पडत होती. आणि ती कमी करणारी ती स्वतःच होती.

“मर्यादा वाढवावी लागेल, मॅडम. कर्नेलची. पासवर्ड तुमच्याजवळ आहे.”

निर्मलाबाईंचा चेहरा बदलला. मागच्या वर्षी नागपूरहून आलेल्या एका माणसाने आतल्या सेटिंगमध्ये हात घातला होता आणि कॉम्प्युटर आठवडाभर उठला नव्हता. त्यानंतर मुख्य पासवर्ड त्यांनी कोणालाच दिला नव्हता.

“नाही. मशीन बंद करून चालू कर. सगळं साफ होते.”

“साफ होईल. पण दिवाळीत बंद केली तेव्हा उठायला किती वेळ लागला, आठवते ना? आणि उठली तरी एकशे अठ्ठावीसच मिळतील. नवी अठरा बसणार नाहीत.”

“तो नई वाली छोड दे. जुनी बासष्ट चालू कर. त्यांचं तरी पाहू.”

“हत्ती जुन्या गावात नाही चालले, मॅडम.”

दुर्गेश मघापासून हिरडीटोल्याचे नंबर आपल्या मोबाइलवरून एकेक करून लावत होता. पोलीस पाटलाचा बंद होता. दोन लागलेच नाहीत. चौथा लागला, पण उचलणारा हैदराबादला इमारतीच्या कामावर होता. “मी इकडं आहो, भाऊ,” तो म्हणाला, आणि मग घाबरून, “घरी आई एकटी आहे. तिले कोणी सांगतलन का?” असं विचारू लागला. दुर्गेशने फोन कानापासून लांब धरून रीनाकडे पाहिलं.

तेवढ्यात दसरूचा दुसरा फोन आला.

“बाई, नाला ओलांडला त्याईनं. फोन काऊन नाई केला अजून? खळ्यावर बाया दिसून राहिल्या मले. धानाची मळणी, चुरणं चालू आहे. माही फुलवंता तथीच आहे.”

“तुम्ही पुढे जाऊन सांगू शकता काय, भाऊ?”

“मधात हत्ती आहेत.”

निर्मलाबाईंनी खुर्ची ओढली, रीनाला बाजूला सरकायला लावलं आणि स्वतः पासवर्ड टाकला. “हां. कर. पण एकेक अक्षर मला वाचून दाखव.”

मर्यादेची ओळ चार आकड्यांची होती. २५०, ३२०००, ३२, १२८. त्यांची नावं कुठेच लिहिलेली नव्हती. कोणता कशाचा, हे लावणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे. रीनाने डोळे मिटले. एका गटात किती टोकनं. सगळ्या गटांत मिळून किती. एका दमात किती व्यवहार. आणि शेवटी, गट किती. एकदा वाटलं की दुसरा आणि तिसरा उलटे तर नाहीत? तिने मदतीचं पान उघडून क्रम ताडून पाहिला. निर्मलाबाईंच्या बांगड्या टेबलावर वाजत होत्या.

“शेवटचा पाचशे बारा करते. गट वाढले तर एकूण टोकनंही त्याच हिशोबाने वाढायला पाहिजेत, म्हणून दुसरा एक लाख अठ्ठावीस हजार. पहिला आणि तिसरा तसेच.”

“पक्का?”

“पक्का.”

रीनाने ओळ पुन्हा एकदा वाचली आणि एंटर दाबलं. कॉम्प्युटर काहीच बोलला नाही. तो काही बोलत नाही म्हणजे त्याने मानलं, हे तिला माहीत होतं, तरी तिने आकडे विचारून पाहिले. नवे आकडे आले.

“जुने अडकलेले गट?” दुर्गेशने विचारलं. “उडवून टाकू सगळे?”

“नको. त्यात दुसऱ्या कोणाचे असतील. राहू दे पडलेले. आता जागा आहे.”

हाक सुरू झाली. नावं उमटत गेली. जिथे थांबायची तिथे थांबली नाही. बासष्ट झाली, त्रेसष्टावं आलं, आणि शेवटच्या ओळींत हिरडीटोला. रीनाने त्यावर बोट ठेवलं. गावातल्या चौतीस फोनांसमोर चौतीस पिवळे ठिपके लागले. त्यातले काही हिरवे झाले. लागले.

निर्मलाबाईंनी रीनाच्या पाठीवर थाप मारली. दुर्गेश खुर्चीतून उठलाच.

आणि हिरवे ठिपके एकापाठोपाठ लाल झाले.

“का झालं?” दुर्गेश म्हणाला.

रीनाने जवळून पाहिलं. फोन लागत होता, उचललाही जात होता. पण चार-पाच सेकंदांत कापला जात होता. हाक पुन्हा लावायची, पुन्हा कोणीतरी उचलायचं, पुन्हा कट.

मग तिला कळलं. जुन्या गावांना हाकेची सवय होती. हिरडीटोल्याला हा नंबर पहिल्यांदाच जात होता. उचलला की नागपूरच्या स्टुडिओतली एक गोड बाई म्हणायची, “नमस्कार! ही आपल्यासाठी एक महत्त्वाची सूचना आहे.” असे फोन गावागावात रोज येतात. लोनवाले, लॉटरीवाले, ओटीपी मागणारे. कोण ऐकणार? तिची स्वतःची आईसुद्धा असा फोन पहिल्याच शब्दाला कापायची.

“नाही ऐकत लोक,” ती म्हणाली. “त्यांना वाटते कंपनीचा फोन आहे.”

“तू बोल ना!” निर्मलाबाई म्हणाल्या. “तुझा आवाज भर.”

“मला तिथे कोण ओळखते?”

तिने दसरूला फोन लावला. तो उचलेना. दुसऱ्यांदा लावला. खिडकीबाहेर हायवेवर उन्हाचा रंग पिवळा पडला होता. तिसऱ्यांदा त्याने उचलला आणि नुसताच श्वास ऐकू आला.

“भाऊ, बोलता येते काय?”

“हळू. जवळ आहेत.”

“फुलवंताबाई समोर आहे असं समजा आणि काय करायचं ते तिला सांगा. मी तुमचा आवाज भरून घेते आणि गावाला पाठवते. तुमच्या भाषेत सांगा. आत्ता.”

दसरू बोलायला लागला. गोंडीत. रीनाला त्यातला एक शब्दही कळत नव्हता. कुजबुजत सुरुवात झाली, मग आवाज थोडा चढला, मध्येच थांबला, दूर कुठेतरी फांदी मोडल्याचा कडकड आवाज आला, आणि मग पुन्हा भराभर, जणू खरंच बायको समोर उभी आहे आणि ऐकत नाही. शेवटी फुलवंताचं नाव आलं आणि लाइन तुटली.

रीनाने त्यातलं काही कापलं नाही. कुठे कापावं तेच कळत नव्हतं. नागपूरच्या बाईचा आवाज काढला, हा घातला आणि हिरडीटोल्यावर पुन्हा बोट ठेवलं.

पिवळे ठिपके. एक हिरवा. तिघंही त्या एका ठिपक्याकडे पाहत उभे राहिले. पाच सेकंद गेले, दहा गेले. तो हिरवाच राहिला. त्याच्या खाली दुसरा. मग तिसरा, चौथा. आता कापत कोणीच नव्हतं. पहिल्याने पूर्ण ऐकलं आणि त्याच्यापुढे बरोबरची खूण आली.

“ऐकून राहिले, ताई,” दुर्गेश म्हणाला.

पण ऐकून काय केलं, हे पडद्यावर दिसत नाही. दसरूचा फोन आता लागतच नव्हता. रीना लावत राहिली. मधात हत्ती आहेत, असं तो म्हणाला होता, आणि तिने त्याला बोलायला लावलं होतं. मोठ्याने बोलायला. हत्तीचे कान किती लांबचं ऐकतात ते याच खोलीच्या भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलं होतं; तिने त्या भिंतीकडे पाहायचं टाळलं.

केंद्राचा फोन वाजला. हिरडीटोल्याचा नंबर. रीनाने झडप घातली.

“कोण बोलून राहिली?” बाईचा आवाज, धापा टाकत. मागे पोरांचं रडणं, भांड्यांचा खणखणाट. “तो कोठी आहे?”

“फुलवंताबाई? मी देवरीवरून रीना.”

“दसरू कोठी आहे ते सांग!”

“कळपाच्या मागे आहेत. लोक निघाले काय खळ्यावरून?”

“निघाले. शाळेच्या स्लॅपवर चढले सारे. म्हाताऱ्या मानसाईले खाटेवर घालून आणलं. पण त्याले का अक्कल आहे का? साऱ्या गावाले सांगतलन का मोहाच्या दारूचा मडका चुलीमागं लपवला आहे म्हून! ‘तो पयले फोड, हत्ती वासानं घरात घुसते.’ माह्या सासऱ्यानं बी ऐकलन!”

रीनाच्या घशातून हसणं आणि रडणं एकदमच बाहेर आलं. “फोडला का मग?”

“फोडला नाई तं का करतो?” फुलवंता ओरडली, आणि लगेच तिचा आवाज बारीक झाला. “बाई, आले. दिसून राहिले. पोट्टेहो, चुप बसा रे!”

पुढे कोणी बोललं नाही. फोन मात्र चालू होता. फुलवंताने तो हातातच धरला असावा. तिघंही त्या फोनभोवती वाकून ऐकत होते. आधी नुसता वारा. मग एक जड, ओला फुत्कार, अगदी जवळ वाटावा असा. मातीची भिंत कोसळल्याचा आवाज. कुठेतरी कोंबड्या ओरडल्या आणि गप्प झाल्या. एक पोर कण्हलं, त्याच्या तोंडावर कोणीतरी हात ठेवला असणार. निर्मलाबाईंनी रीनाचं मनगट धरलं होतं. ते दुखत होतं, पण तिने सोडवून घेतलं नाही.

किती वेळ गेला ते रीनाला नंतर सांगता आलं नाही. मग फुलवंता हलकेच म्हणाली, “खाऊन राहिले. धान खाऊन राहिले आमचा.” आणि बऱ्याच वेळाने, “चालले. नाल्याकडं.”

दसरूचा फोन अंधार पडता पडता आला. हत्तींची एक मादी वळून त्याच्याकडे चालत आली होती, तेव्हा तो मोबाइल टाकून खोंगळीत, पाण्याने खणलेल्या घळीत उतरला होता. कळप गेल्यावर चाचपडत मोबाइल शोधला. पडद्याला तडा गेला होता, बाकी चालत होता.

“कोनी गेलं का, बाई?” त्याने पहिलं तेच विचारलं.

“कोणी नाही, भाऊ. सगळे स्लॅपवर आहेत.”

तिकडून नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर रीनाला आठवलं की मर्यादा वाढवली ती फक्त कॉम्प्युटर चालू असेपर्यंतच. वीज गेली, मशीन बंद पडली, की पुन्हा एकशे अठ्ठावीस. तिला झोप लागली नाही. सकाळी केंद्राचं कुलूप उघडायच्या आधीच ती पायरीवर येऊन बसली होती. निर्मलाबाई आल्या, ऐकलं, आणि पासवर्ड टाकला. रीनाने ते चार आकडे सेटिंगच्या फाइलमध्ये कायमचे लिहिले, मेलेले गट एकेक तपासून काढले, आणि हाक मरताना टोकनं परत देईल अशी सोय करायला बसली.

“फोटो किती गेले?” निर्मलाबाईंनी विचारलं.

“पहिल्या वर्षाचा पावसाळा गेला पूर्ण.”

“मी सांगितलं म्हणून गेले. तसंच लिही रिपोर्टात,” त्या म्हणाल्या आणि चहा सांगायला बाहेर गेल्या.

दुपारी रीना दुर्गेशच्या गाडीवर हिरडीटोल्याला गेली. दोन घरांच्या भिंती पडल्या होत्या. खळ्यावर धान चिखलात तुडवलं गेलं होतं आणि बाया त्यातून निवडता येईल तेवढं निवडत होत्या. कोणी स्वागत केलं नाही, कोणी आभारही मानले नाहीत. एका म्हाताऱ्याने विचारलं, “हत्ती आले त सांगता. येऊ नाई म्हून का करता?” रीना म्हणाली, ते आमच्या हातात नाही. म्हाताऱ्याने मान हलवली, पण त्याचं समाधान झालं नव्हतं, आणि ते होण्यासारखं उत्तर आपण दिलं असं तिलाही वाटलं नाही.

मोडलेल्या चुलीपाशी फुलवंता माती कालवत होती, शेजारी दसरू बसला होता. रीनाने मोबाइल पुढे केला. पुढच्या वेळेसाठी गावाचा संदेश तुझ्या आवाजात भरून दे, म्हणाली.

“मी नाई बोलत त्या डब्यात. त्यालेच सांग,” फुलवंताने दसरूकडे हात केला.

“ते रानात असले तर?”

फुलवंताने हात पदराला पुसले, मोबाइल तोंडाजवळ नाही, हातभर लांब धरला, आणि अख्ख्या टोल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलायला सुरुवात केली.